उत्तरेची वाट आणि रात्रीचा मुक्काम

मराठी पत्त्याची सुरुवात 'मुक्काम' या शब्दाने होते. माणूस कोणत्या वाटेने आला यापेक्षा तो रात्री कोठे उतरला, याला आपल्या पूर्वजांनी अधिक महत्त्व दिले, असे या लहानशा खुणेवरून म्हणावयास हरकत नाही. मजल दरमजल करीत जाणाऱ्या यात्रेकरूला काशी किती कोसांवर आहे यापेक्षा ती किती मुक्कामांवर आहे, हे आधी ठाऊक असावे लागे. मुक्कामाच्या गावी विहीर होती का, धर्मशाळा होती का, सोबत होती का, यांवर प्रवाशाचे प्राण अवलंबून असत.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले. पुढे १९०७ मध्ये 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध झालेली त्यांची हकीकत झाशीच्या वेढ्यासाठी वाचली जाते; परंतु रात्रीचा निवारा अनिश्चित झाला म्हणजे वाटसरूची काय अवस्था होते, याचाही तो दस्तऐवज आहे. जबलपूरहून मिर्झापूरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याची कथा याहून भीषण होती. ठगांच्या टोळ्या दिवसा वाटसरूंशी स्नेह जोडीत आणि तळ पडला की त्यांचा घात करीत. त्यांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन या अधिकाऱ्याच्या नावाचे स्लीमनाबाद हे गाव जबलपूर आणि कटनी यांच्या दरम्यान आजही आहे. धोका वाटेवर चालण्यात जितका होता, त्याहून अधिक तो थांबण्यात होता.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातून उत्तरेकडे निघणाऱ्या कुटुंबाला आज ठगांचे भय नाही. मराठी 'तात्या' आणि छत्तीसगढी 'पारा' ज्या वस्तीच्या नावातच शेजारी नांदतात, तेथून निघालेली मंडळी प्रयागही पाहू इच्छितात आणि हिमालयाचा पायथाही. अलीकडे अशा प्रवासासाठी कॅरॅव्हॅन, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय असलेली मोटार, वापरण्याची कल्पना रुजू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने तर २०२१ मध्ये या पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. कॅरॅव्हॅन हा शब्द मूळचा फारसी 'कारवान', म्हणजे आपला तांडा. आता तांडा एकाच वाहनात सामावला आहे. त्यामुळे घरच बरोबर असताना मुक्कामाची चिंता कशाला, असा समज होतो. आणि हाच समज घातक ठरतो.

चाकांवरचे घर किती काळ स्वयंपूर्ण राहते, याचा हिशेब सोपा आहे. अशा वाहनात बारा व्होल्टची, दोनशे अँपिअर-तासांची बॅटरी असेल, तर तिच्यात सुमारे २.४ युनिट वीज साठते. शिशाची बॅटरी दीर्घकाळ टिकावी असे वाटत असेल, तर त्यातील निम्मीच वापरावी. उरलेल्या १.२ युनिटांत दोन पंखे, दिवे आणि लहान शीतपेटी यांची एक रात्र निभावते; पण एक किलोवॅट वीज ओढणारे वातानुकूलन यंत्र तासाभरातच ती संपविते. पाण्याचेही तसेच. चौघांनी प्रत्येकी पंधरा लिटरांत भागविले, तरी १२० लिटरांची टाकी दोन दिवस पुरते, आणि भरलेल्या टाकीचे १२० किलोग्रॅम ओझे घाट चढताना इंजिनाला ओढावे लागते. शौचाची पेटी त्याआधीही भरू शकते. ती योग्य शौचालयातच रिकामी करावयाची असते. ज्या नर्मदेला व गंगेला हात जोडावयाचे, तिच्याच ओढ्यानाल्यांत ती ओतणे हा अधर्मही आहे आणि रोगाला आमंत्रणही. तात्पर्य, हे घर दोन दिवसांचे आहे. तिसऱ्या दिवशी त्याला गाव लागतेच.

म्हणून नकाशा उघडल्यावर आधी रात्री निश्चित कराव्यात आणि मग त्यांना रस्त्यांनी जोडावे. रायपूरकरांचे भाग्य असे की, उत्तरेची वाट त्यांच्या दारातून जाते. २०१० मधील नव्या क्रमांकनानंतर तीस क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आंध्रातील विजयवाड्याजवळून निघून रायपूर, जबलपूर, प्रयागराज, लखनौ, बरेली असा उत्तराखंडातील सितारगंजपर्यंत पोहोचतो. रायपूर ते कुमाऊंच्या पायथ्याचे काठगोदाम हे अंतर सुमारे तेराशे किलोमीटर भरते. साधी मोटार ते दोन-तीन दिवसांत कापील. कॅरॅव्हॅनने मात्र आठ दिवस द्यावेत.

पहिला मुक्काम मुद्दाम जवळचा, कवर्ध्याचा ठेवावा. सव्वाशे किलोमीटरांच्या या मजलेत नळ गळतो की काय, कपाटे उघडतात की काय, हे सारे कळून येते, आणि काही बिघडले तर रायपूर अजून हाकेच्या अंतरावर असते. सायंकाळी अकराव्या शतकातील भोरमदेव मंदिराचे दर्शन घडते. दुसऱ्या दिवशी मैकल पर्वतातील चिल्पीचा घाट दिवसाउजेडी चढून नर्मदाकाठच्या मंडल्याला थांबावे. या टापूत अभयारण्याचे जंगल आहे. तेथे रस्त्याकडेला रात्र काढण्याचा विचारही करू नये. तिसरी मजल जबलपूर, कटनीवरून मैहरची, सुमारे अडीचशे किलोमीटरांची. शारदामातेचे आणि अल्लाउद्दीनखाँसाहेबांच्या संगीताचे हे गाव एका संध्याकाळीचे खासच मानकरी आहे. चौथ्या दिवशी रीवामार्गे प्रयागराज गाठावे आणि पाचवा दिवस तेथेच विसाव्याचा ठेवावा. पाणी, वीज, कपडे, औषधे आणि म्हाताऱ्या माणसांची पाठ या सर्वांना त्याची गरज असते. पुढे लखनौ, बरेली आणि काठगोदाम अशा तीन मजला उरतात. शेवटच्या मजलेसाठी महामार्ग सोडून बरेलीहून बहेडी, किच्छामार्गे जाणे सोयीचे. डोंगरातील अरुंद वळणे लांब वाहनासाठी नाहीत. ते पायथ्याशी ठेवून वर लहान मोटारीने जाणे शहाणपणाचे.

या आखणीत कोणतीही मजल अडीचशे किलोमीटरांच्या फारशी पुढे जात नाही, याला कारण आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने चालकाचे काम दिवसाला आठ तासांवर मर्यादित केले आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती आवश्यक ठरविली. जो नियम धंदेवाईक चालकासाठी आवश्यक वाटला, तो वर्षातून एकदा अवजड वाहन हाती घेणाऱ्या गृहस्थाने अधिकच पाळावयास हवा. नोव्हेंबरात गंगेच्या मैदानात सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा चार वाजता वाहन तळावर उभे असावे. उजेडात जागा पारखता येते, अंधारात केवळ पत्करावी लागते.

ऋतूची निवडही मुक्कामाच्याच दृष्टीने करावी. डिसेंबर-जानेवारीत या मैदानावर दाट धुके उतरते आणि कधी कधी पन्नास मीटरांपलीकडचे दिसत नाही. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन, चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच पंचवीस मीटर पुढे गेलेले असते. अवजड गाडी थांबावयास त्यापुढे तितकेच किंवा अधिक अंतर लागते. म्हणजे दृष्टी जेथे संपते, त्याच्या पलीकडे गाडी थांबणार. दसऱ्यानंतरचे सहा आठवडे किंवा फेब्रुवारीचा उत्तरार्ध व मार्च हे काळ म्हणूनच बरे. प्रयागच्या माघमेळ्याच्या तारखाही पाहून घ्याव्यात. २०२५ च्या महाकुंभात, फेब्रुवारी महिन्यात, याच मार्गावर वाहनांची अफाट कोंडी झाली आणि कटनी, मैहर, रीवा या जिल्ह्यांत पोलिसांना गाड्या वाटेतच रोखून धराव्या लागल्या. ज्यांच्या आखणीत आधीच्या गावचा मुक्काम राखीव होता, त्यांचीच अशा वेळी सोय झाली असणार. प्रत्येक मजलेला एक अलीकडचे पर्यायी ठिकाण असावे, हा त्याचा धडा होय.

जागा निवडताना परवानगी हा पहिला निकष. शासकीय पर्यटन निवासाचे आवार, धर्मशाळेचे वा गुरुद्वाऱ्याचे पटांगण, रखवालदार असलेला पेट्रोल पंप, ओळखीचा ढाबा येथे विचारून आणि योग्य मोबदला देऊन थांबता येते. वाहन भाड्याचे असल्यास त्याचा अखिल भारतीय पर्यटक परवाना निघण्यापूर्वीच पाहावा. गाडीचे तोंड बाहेर पडण्याच्या दिशेला ठेवावे, आणि उद्याचा मुक्काम रोज रात्री घरी कळवावा.

शेवटी एक गोष्ट, जिच्यावर प्राण अवलंबून आहेत. चिल्पीच्या माथ्यावर किंवा हिमालयाच्या पायथ्याशी थंडी वाजली, तरी बंद वाहनात शेगडी पेटवू नये, उबेसाठी गॅसची चूल लावू नये आणि इंजिन चालू ठेवून झोपू नये. यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो आणि झोपलेला माणूस जागाच होत नाही. थोडी खिडकी उघडी, एक जाड रजई अधिक आणि वायूची सूचना देणारे लहानसे यंत्र, एवढ्याने हे संकट टळते. ठग आज राहिले नाहीत. पण रात्रीच्या वेळी स्नेह्यासारखे जवळ येऊन घात करणारे असे काही अजून आहे, हे विसरून चालणार नाही.

रस्ते रुंद झाले, वाहने वेगवान झाली, तरी प्रवासी माणूस तोच आहे. त्याला पाणी हवे, झोप हवी, आणि अंधार पडण्यापूर्वी आपण कोठे आहोत हे ठाऊक हवे. ज्याने आठ रात्री नीट निवडल्या, त्याचे आठ दिवस आपोआपच चांगले जातात.