छतावर तंबू, वाटेत ज्वालामुखी: कोस्टा रिकाची भ्रमंती

कोस्टा रिका हा मध्य अमेरिकेतला देश महाराष्ट्राच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढा, सुमारे ५१ हजार चौरस किलोमीटरचा आहे. पश्चिमेला पॅसिफिक महासागर, पूर्वेला कॅरिबियन समुद्र आणि मधोमध ज्वालामुखींची रांग अशी त्याची रचना. एका दिवसात एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जाता येते आणि वाटेत तीन-चार प्रकारची हवा लागते. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या छतावर घडीचा तंबू बसवून फिरण्याची पद्धत इथे चांगली रुजली आहे. तंबू दोघांपुरता असल्याने ही सफर मुख्यतः जोडप्यांची. शेगडी, भांडी आणि बर्फाची पेटी बहुधा गाडीबरोबरच भाड्याने मिळते.

सफरीची आखणी ऋतूपासून सुरू होते. पॅसिफिक बाजूला डिसेंबर ते एप्रिल कोरडे असतात, मे ते नोव्हेंबर पावसाचे. कॅरिबियन बाजूला पाऊस कधीही येतो, मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे उघडीप मिळते. देश विषुववृत्ताच्या उत्तरेला ८ ते ११ अंशांवर आहे, त्यामुळे दिवस वर्षभर सुमारे बारा तासांचा असतो आणि सहा वाजेपर्यंत अंधार पडतो. रस्त्यांवर दिवे कमी, वळणे जास्त, काही पूल एकाच गाडीच्या रुंदीचे. म्हणून चारच्या सुमारास मुक्कामी पोहोचून उजेडातच स्वयंपाक उरकतात.

राजधानी सान होसेहून उत्तरेला निघाले की पहिला मोठा टप्पा आरेनाल ज्वालामुखीचा. शांत समजला जाणारा हा डोंगर २९ जुलै १९६८ रोजी फुटला आणि ८७ माणसे दगावली. त्यानंतर २०१०पर्यंत तो धगधगत होता. त्याच्या पायथ्याचा विस्तीर्ण तलाव १९७९मध्ये वीजनिर्मितीच्या धरणामुळे विस्तारला. जुने आरेनाल गाव पाण्याखाली गेले आणि नवे काठावर वसले.

तलावाला वळसा घालून मोंतेवेर्देचा घाट लागतो. सक्तीच्या लष्करभरतीला विरोध असलेली क्वेकर पंथीय कुटुंबे १९५१मध्ये अमेरिकेतल्या अलाबामाहून इथे आली. कोस्टा रिकाने १९४८मध्ये सैन्यच बरखास्त केले होते, हे या निवडीमागचे एक कारण. पाण्याचे झरे टिकावेत म्हणून त्यांनी माथ्यावरचे जंगल राखून ठेवले. हे मेघवन आहे: फांद्यांवर शेवाळ आणि ऑर्किड, हवेत सततचे धुके. फक्त याच परिसरात आढळणारा सोनेरी भेक १९८९नंतर कोणालाही दिसलेला नाही.

घाट उतरून वायव्येला ग्वानाकास्ते प्रांतात आले की दृश्य पालटते. सांता रोसा राष्ट्रीय उद्यानातले शुष्क वन कोरड्या महिन्यांत पाने गाळते. अमेरिकी साहसवीर विल्यम वॉकरच्या भाडोत्री फौजेचा १८५६मध्ये इथेच पराभव झाला. उद्यानाच्या हद्दीत तंबू ठोकण्याची सोय आहे. रात्री तंबूत खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत हा पहिला नियम, कारण रकून आणि लांब नाकाचे कोआटी त्यावर टपलेले असतात. किनाऱ्यावर मांचिनील हे विषारी झाड ओळखावे लागते. त्याचा चीक कातडीला भाजतो, म्हणून पावसात त्याच्या आडोशालाही कोणी थांबत नाही.

निकोया द्वीपकल्पावरच्या ओस्तियोनाल किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे हजारोंच्या झुंडीने अंडी घालतात. कोकणात वेळासच्या वाळूत येतात ती याच जातीची, पण तिथे एकेकटी. ओस्तियोनालमध्ये नंतर आलेली कासवे आधीची घरटी उकरून टाकतात. त्यामुळे वाया जाणाऱ्या सुरुवातीच्या अंड्यांपैकी काही गोळा करण्याची गावकऱ्यांना कायदेशीर मुभा आहे. मोठ्या झुंडी पावसाळ्यात येतात आणि नेमक्या तेव्हाच वाटेतल्या नद्या फुगतात. पूल नसलेल्या उतारावर आधी पाण्याचा अंदाज घेतात, शंका आली तर गाडी मागे वळवतात. इंजिनात पाणी शिरल्यास नुकसानभरपाई बहुतेक भाडेकरारांत मिळत नाही.

दक्षिणेकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर तार्कोलेस नदीच्या पुलावरून खाली पहुडलेल्या मगरी दिसतात. पुढे मानुएल आंतोनिओ उद्यानात जंगल थेट वाळूपर्यंत उतरते. तिथून डोंगरात वळले की काही तासांत ‘सेरो दे ला मुएर्ते’ची खिंड येते. महामार्ग इथे ३,३०० मीटरांहून उंच चढतो आणि रात्री पारा शून्याजवळ घसरतो. किनाऱ्यावर चादरही नकोशी होते, इथे जाड रजई लागते. खालच्या दरीत, रानटी अवोकाडोच्या झाडांवर, हिरव्या लांब शेपटीचा केत्साल पक्षी पहाटे दिसतो.

शेवटचा टप्पा कॅरिबियन किनाऱ्याचा. रेल्वेच्या बांधकामासाठी जमैकाहून आलेल्या मजुरांचे वंशज लिमोन प्रांतात राहतात. नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात ही त्यांची ओळख. देशात इतरत्र सकाळी ‘गायो पिंतो’ म्हणजे परतलेला राजमा-भात, आणि तो ‘सोडा’ नावाच्या छोट्या खानावळींत स्वस्तात मिळतो. काउइता उद्यानात पायवाटेवरून स्लॉथ पाहता येतात. तिथल्या प्रवाळभित्तीचा काही भाग १९९१च्या भूकंपात वर उचलला गेला आणि मेला.

या सफरीत पेट्रोलवर बराच खर्च होतो. पेट्रोलचा दर सरकार ठरवते आणि तो देशभर सारखा असतो. इंधनकराचा ३.५ टक्के वाटा जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला देण्यासाठी जातो. १९८०च्या दशकात सुमारे पाव भागावर आलेले वनक्षेत्र आज निम्म्याहून अधिक आहे. जेमतेम आठवडा हाती असेल तर दोन्ही किनारे गाठण्याचा हट्ट सोडून आरेनाल, मोंतेवेर्दे आणि ग्वानाकास्ते एवढेच करावे. कॅरिबियन बाजू वेगळ्या ऋतूत, वेगळ्या सहलीत पाहणेच सोयीचे.