ॲप डाउनलोड होत नाही? कॉम्प्युटर दुकानात नेण्याआधी एवढे करून पाहा

नांदेड, लातूरकडच्या विहारांच्या अभ्यासिकांत दानातून आलेले जुने कॉम्प्युटर असतात. गावाकडून स्पर्धा परीक्षा किंवा नीटच्या तयारीसाठी आलेली आपली मुले त्यांवरच अवलंबून असतात. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ॲप घ्यायला गेले की ते 'पेंडिंग'वरच अडकते. मग कुणीतरी सांगते, "फॉरमॅट मारावा लागेल." त्यात पैसे जातात आणि जपलेल्या नोट्सही पुसल्या जाऊ शकतात. पण बहुतेक वेळा दोष साधा असतो. आम्ही सुचवतो, या क्रमाने तपासा.

१. तारीख पाहा. लाइट गेल्यावर कॉम्प्युटर जुन्या सालात जात असेल, तर स्टोअरशी सुरक्षित जोडणी होत नाही. सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' करा. रोजच चुकत असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. डेस्कटॉपमध्ये बहुधा सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल असतो. तो स्वस्तात मिळतो.

२. जागा पाहा. सी ड्राइव्ह लाल दिसत असेल तर रिसायकल बिन रिकामी करा, व्हिडिओ दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा.

३. इंटरनेट पाहा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर 'मीटर्ड कनेक्शन' चालू असेल तर विंडोज डेटा वाचवण्यासाठी काही डाउनलोड थांबवते. वाय-फायच्या सेटिंगमध्ये ते तात्पुरते बंद करा.

४. स्टोअर ताजे करा. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा. चौकटीत 'डब्ल्यूएसरिसेट' हा शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहून एंटर करा. काळी खिडकी उघडेल. थोडा वेळ थांबा, ती आपोआप बंद होऊन स्टोअर उघडेल. यात तुमच्या फाइल जात नाहीत.

५. विंडोज कोणते आहे? विंडोज ७ मध्ये हे स्टोअर नसतेच. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून काही नवी ॲप जुन्या मशीनवर बसत नाहीत. तो तुमचा दोष नाही.

तरीही जमले नाही तर ॲपशिवाय काम होते का ते पाहा. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज ब्राउझरमध्येच भरता येतो. व्हॉट्सॲपही ब्राउझरमध्ये चालते. अर्जाची शेवटची तारीख ॲपच्या नादात चुकवू नका.

एक चूक मात्र करू नका. घाईत कुठल्याही अनोळखी साइटवरून 'फ्री डाउनलोड' घेऊ नका. त्याच कॉम्प्युटरवर अनेकांचे आधार, जातीचा दाखला आणि बँकेचे तपशील भरले जातात. एकाच्या घाईचा फटका साऱ्या अभ्यासिकेला बसतो.

कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे की हे पाच मुद्दे कागदावर लिहून कॉम्प्युटरशेजारी चिकटवा आणि दोन मुला-मुलींना ते प्रत्यक्ष करून दाखवा. पुढच्या वेळी दुकानाची वाट धरावी लागणार नाही.

जय भीम!