म्हैस भादरण्याचे यंत्र

भंडारा हा तलावांचा जिल्हा. म्हशी तलावात डुंबतात, चिखलाने माखतात. लांब केसांत उवा लपतात. म्हणून थंडी सरली की म्हैस भादरतात.

यंत्र घेताना दात पाहा. एकही तुटका नको. दोन्ही पाती एकमेकींवर नीट बसली पाहिजेत.

आधी म्हैस धुवा, अंग वाळू द्या. केसांत रेती राहिली की धार जाते. बोथट पाते केस कापत नाही, ओढते. मग म्हैस लाथ मारणारच!

मधून मधून दोन थेंब तेल सोडा.

नायटा दिसला तर भादरू नका. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. त्याच यंत्राने नायटा दुसऱ्या म्हशीला लागतो. माणसालाही होतो. म्हणून काम झाल्यावर पाती खोला, साबणाने धुवा, उकळा, पुसा, तेल लावून ठेवा. आपले हातही धुवा.