महाविद्यालयीन अध्यापिका आणि नेतृत्वविकास : पात्रतेपासून अधिकारापर्यंत

प्रस्तावना

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशातील उच्च शिक्षण संस्थांत १५.९८ लाख अध्यापक होते व त्यांपैकी ४३.४ टक्के स्त्रिया होत्या. अध्यापनाच्या क्षेत्रात स्त्रियांनी आपले स्थान निर्माण केले आहे, हे यावरून स्पष्ट होते. तथापि संख्येबरोबर निर्णयाधिकार आपोआप येत नाही. हा प्रश्न चर्चेला आला, की संभाषणकौशल्य, आत्मविश्वास, ताणतणावांचे व्यवस्थापन अशा विषयांवर व्याख्याने योजली जातात. त्यांची उपयुक्तता नाकारता येणार नाही. परंतु नेतृत्व हा केवळ स्वभावाचा गुण आहे असे मानले, तर त्याच्या अभावाचा दोषही व्यक्तीच्याच माथी येतो. नेतृत्व हे जबाबदारी पेलता पेलता घडत असते. म्हणूनच सेवेच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत अध्यापिकेच्या वाट्याला कोणती कामे येतात, हा कळीचा मुद्दा ठरतो. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचे विवेचन केले आहे.

पूर्वसूरींचा अनुभव

महाराष्ट्रातील विदुषींच्या कार्याकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते. कमला सोहोनी (तत्कालीन कमला भागवत) यांना १९३३ मध्ये बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत स्त्री असल्याच्या कारणाने प्रारंभी प्रवेश नाकारण्यात आला. आग्रह धरल्यावर तो मिळाला, तोही अटींवर. पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केली व कालांतराने मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकपदाची धुरा सांभाळली. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचे नाव संशोधन व ललित लेखनासाठी घेतले जाते. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजमध्ये रुजू होण्यापूर्वी १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी महिला विद्यापीठाच्या प्रशासनात काम केले होते, ही बाब मात्र सहसा सांगितली जात नाही. बालशल्यचिकित्सक डॉ. स्नेहलता देशमुख १९९५ ते २००० या काळात मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रावर आईचे नाव घेण्याच्या निर्णयाचे श्रेय त्यांना दिले जाते. तत्पूर्वी त्यांनी शीव येथील रुग्णालयाचे अधिष्ठातापद भूषविले होते.

या तिघींची क्षेत्रे भिन्न आहेत. परंतु विद्वत्तेला प्रत्यक्ष कारभाराची जोड मिळाली, हा समान धागा तिन्ही उदाहरणांत आढळतो.

प्राचार्यपदाची पूर्वतयारी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी प्राचार्यपदासाठी पीएच.डी., अध्यापन वा संशोधनाचा किमान १५ वर्षांचा अनुभव, किमान १० शोधनिबंध आणि किमान ११० संशोधन गुणांक अशी अर्हता निश्चित केली. याचा अर्थ असा, की जाहिरात प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधी उमेदवाराचे भवितव्य ठरलेले असते. सेवेची पहिली दहा-बारा वर्षे हाच बहुतेक अध्यापिकांच्या बाबतीत विवाह, बाळंतपण व मुलांच्या संगोपनाचा काळ असतो. संशोधन या काळात मागे पडले, तर पन्नाशीच्या उंबरठ्यावर अनुभव असूनही अर्हता अपुरी पडते.

ही अडचण काही प्रमाणात नियमांनी ओळखली आहे. पीएच.डी.विषयक २०१६ च्या व नंतर २०२२ च्या विनियमांत स्त्री संशोधकांना कमाल मुदतीपेक्षा दोन वर्षे अधिक देण्याची तसेच प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. मात्र या सवलतीचा उपयोग पूर्ण व्हायचा असेल, तर परतल्यानंतर संशोधनाला वेळ मिळेल असे वेळापत्रक महाविद्यालयानेही द्यावयास हवे. अन्यथा मुदत वाढते आणि प्रबंध तसाच राहतो.

समित्यांची वाटणी

शोधनिबंधांनी अर्हता सिद्ध होते. कारभाराची जाण समित्यांतून येते. येथे एक सूक्ष्म भेद दिसून येतो. स्वागत, सूत्रसंचालन, सांस्कृतिक कार्यक्रम, रांगोळी, विद्यार्थिनी कल्याण ही कामे स्वाभाविकपणे अध्यापिकांकडे सोपविली जातात. परीक्षा, खरेदी, बांधकाम, हिशेब व वेळापत्रक या समित्या पुरुष सहकाऱ्यांकडे जातात. पहिल्या प्रकारच्या कामांत श्रम कमी नसतात, किंबहुना अधिकच असतात. पण निविदा कशी मागवावी, तुलनात्मक तक्ता कसा तपासावा, लेखापरीक्षकाच्या आक्षेपाला उत्तर कसे द्यावे, हे त्यांतून शिकता येत नाही. मग मुलाखतीच्या वेळी ‘प्रशासकीय अनुभव’ या रकान्यात लिहिण्याजोगे फारसे उरत नाही.

या संदर्भात दोन वैधानिक तरतुदी महत्त्वाच्या आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये महाविद्यालय विकास समितीत अध्यापकांनी आपल्यातून निवडून दिलेल्या तीन सदस्यांपैकी किमान एक स्त्री असणे आवश्यक आहे. महाविद्यालयाचा विकास आराखडा व अंदाजपत्रक हे विषय या समितीपुढे येतात. दुसरी तरतूद कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याची होय. या कायद्यानुसार अंतर्गत समितीची अध्यक्ष वरिष्ठ स्तरावरील स्त्रीच असावी लागते व किमान निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. साक्षीदारांना बोलाविणे, कागदपत्रे मागविणे यांबाबत या समितीला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असून चौकशी ९० दिवसांत पूर्ण करावयाची असते. उभय पक्षांचे म्हणणे ऐकून, पुरावा तोलून, कारणांसह लेखी अहवाल देणे हे नेतृत्वाचे अत्यंत कठीण शिक्षण आहे.

तथापि कागदावरील सदस्यत्व व प्रत्यक्ष सहभाग यांत अंतर पडू शकते. बैठकीचे इतिवृत्त तयार झाल्यावर स्वाक्षरीपुरते बोलाविले जाणे, हा सहभाग नव्हे. तसेच कायद्याने स्त्री सदस्य आवश्यक म्हणून एकाच अध्यापिकेची प्रत्येक समितीवर नेमणूक झाली, तर तिचे संशोधन मागे पडते व इतर जणी संधीपासून वंचित राहतात.

उपाययोजना

महाविद्यालयाच्या पातळीवर पुढील गोष्टी विशेष खर्चाविना करता येण्यासारख्या आहेत.

१. समित्यांच्या कार्यवाहपदांचे दर दोन-तीन वर्षांनी आळीपाळीने वाटप करावे व वाटपाचा तक्ता अध्यापक सभेत ठेवावा.
२. परीक्षा, खरेदी व हिशेब या समित्यांत प्रत्येकी किमान एक कनिष्ठ अध्यापिका असावी. तिने वरिष्ठांसमवेत काम शिकावे.
३. बैठका महाविद्यालयाच्या कामकाजाच्या वेळेतच घ्याव्यात. सायंकाळी उशिरा ठरलेली बैठक घरची जबाबदारी असलेल्या सदस्याला न सांगताच वगळत असते.
४. स्वागत व सूत्रसंचालनाची कामे पुरुष अध्यापकांकडेही सोपवावीत.

अध्यापिकांनीही आपल्या बाजूने सजग राहणे अगत्याचे आहे. न आवडणाऱ्या, आकडेमोडीच्या कामाला प्रथम नकार देण्याची सवय पुढे महागात पडते. सेवेच्या प्रारंभीच विनियमांतील अर्हता वाचून आपल्या संशोधनाचे टप्पे आखावेत व केलेल्या प्रशासकीय कामाची लेखी नोंद ठेवावी.

समारोप

व्यक्तिगत विकास आणि नेतृत्व या दोन वेगळ्या वाटा नाहीत. अधिकाराचे काम हाती आले, की चुका होतात, त्या सुधारल्या जातात आणि त्यातूनच आत्मविश्वास येतो. अधिकाराशिवाय दिलेला आत्मविश्वासाचा उपदेश फार काळ टिकत नाही. एखादी व्यासंगी अध्यापिका तीस वर्षांची सेवा पूर्ण करून निवृत्त होते आणि तिच्या हाती एकदाही अंदाजपत्रक आलेले नसते, तेव्हा हानी तिची होते तशीच संस्थेचीही होते. पुढील शैक्षणिक वर्षासाठी समित्यांची यादी तयार होत असताना प्रत्येक महाविद्यालयाने ती एकदा या दृष्टीने वाचून पाहावी.