संग्रहालयातील कौटुंबिक विज्ञानशिक्षण आणि मुलगा-मुलगी भेद

विज्ञानसंग्रहालयात मूल क्वचितच एकटे शिकते. उपकरण त्याच्या हाती असले, तरी त्याचा अर्थ बहुधा सोबतच्या आईबापांच्या बोलण्यातून उलगडतो. म्हणून संग्रहालयाच्या शैक्षणिक कार्याचा विचार करताना कुटुंबातील संभाषणाकडे लक्ष देणे अगत्याचे ठरते.

या संभाषणाचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतील : उपकरण कसे चालवावे हे सांगणे, काय घडले त्याकडे लक्ष वेधणे, आणि ते का घडले याची मीमांसा करणे. केव्हिन क्राउली, मॉरीन कॅलनन व त्यांचे सहकारी यांनी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील बालसंग्रहालयात अशा संभाषणांचे निरीक्षण करून २००१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या दोन प्रकारांत मुलगे व मुली यांच्यात भेद आढळला नाही. कारणमीमांसा मात्र मुलग्यांच्या वाट्यास सुमारे तिप्पट वेळा आली. हा भेद पालकांकडून नकळत होतो आणि शाळेतील विज्ञानशिक्षणापूर्वीच सुरू होतो, ही त्यातील चिंतेची बाब होय.

हा निष्कर्ष अमेरिकन कुटुंबांविषयीचा आहे. तो कोकणास जसाच्या तसा लावणे युक्त नव्हे. तथापि त्यातून निघणारा प्रश्न आपलाही आहे. तेरेखोल खाडीकाठच्या आरोंदा गावातील कुटुंब पणजीजवळ मिरामार येथील गोवा विज्ञान केंद्रात गेले, तर तरंगणाऱ्या वस्तूचा नियम समजावण्यास त्याला गावचाच दाखला पुरेसा आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते. म्हणून पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे झाले, की तेवढ्याच ओझ्याची होडी किंचित अधिक खोल बसते. हे मुलग्यास सांगितले आणि मुलीस ‘बघ, तरंगते’ एवढेच म्हटले, तर दोघांनी एकच उपकरण पाहिले असूनही ज्ञान मात्र एकासच मिळाले, असे म्हणावे लागेल.

केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट १९३९ साली मिळविणाऱ्या कमला सोहोनी यांचे वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्या यशाचे श्रेय केवळ घरास देणे अन्यायाचे होईल. परंतु विज्ञान ज्या घरात परके नव्हते, तेथे त्या वाढल्या, हेही विसरता येत नाही.

प्रत्येक घरी रसायनशास्त्रज्ञ असणे शक्य नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. ‘हे असे का झाले असेल?’ हा प्रश्न मुलीसही तितक्याच वेळा विचारावा, आणि तिच्या उत्तरासाठी थांबावे. संग्रहालयांनीही आपल्या फलकांवर नियमाबरोबर असा प्रश्न लिहिला, तर पालकांचे हे कार्य पुष्कळच सुकर होईल.