स्वस्त गिटार आणि मंडपाची कसोटी

नाचता येईना अंगण वाकडे, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिचा रोख नाचणाऱ्यावर आहे. परंतु स्वस्त इलेक्ट्रिक गिटारीच्या बाबतीत अंगण पुष्कळदा खरोखरच वाकडे असते आणि वादकाला उगाच बोल लागतो. हे अंगण थोड्या खर्चात सरळ कसे करावे, एवढेच आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

गोंदियाच्या श्रोत्यांपुढे हा विषय मांडण्यास कारण आहे. धानाची कापणी आटोपून मंडया भरू लागल्या, की गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर ह्या जिल्ह्यांत झाडीपट्टीच्या नाटकांचे दिवस येतात. ह्याच रंगभूमीवरील परशुराम खुणे ह्यांचा २०२३ साली पद्मश्री देऊन गौरव झाला. हे नाटक रात्री उभे राहते ते पहाटेपर्यंत चालते, आणि गाण्यावाचून चालत नाही. अशा मंडपात काय किंवा लग्नसराईच्या ऑर्केस्ट्र्यात काय, वादकाला मध्येच तारा जुळवीत बसण्याची सवड नसते. घरच्या सरावात खपते ते येथे खपत नाही.

प्रथम ह्या वाद्याचे मर्म पाहू. सतारीचा भोपळा नाद वाढवितो. इलेक्ट्रिक गिटारीचे अंग बहुधा भरीव असते व ते काम वीज करते. तारांखाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ साली दाखविलेले तत्त्व ते हेच. तेव्हा आवाज केवळ महागड्या लाकडावर अवलंबून नाही. इंग्लंडातील ब्रायन मे ह्याने १९६३ साली वडिलांच्या मदतीने घरीच गिटार करावयास घेतली. तिचा दांडा जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा होता. पुढे ‘क्वीन’ ह्या वाद्यवृंदात त्याने तीच गिटार जगभर वाजविली.

मग पैसा व श्रम प्रथम कोठे घालावेत? सुरात. जुन्या तारा काढून नव्या चढवाव्यात. खुंटीला दोन-तीन वेढे नीट बसवून तारा हाताने हलकेच ताणून घ्याव्यात. दांड्याच्या टोकाशी खाचांची पट्टी असते, तिला नट म्हणतात. तार तेथे अडकते आणि मग झटक्यासरशी उतरते. खाचेत पेन्सिलीच्या शिशाची पूड भरली तर ती सुखाने सरकते. त्यानंतर घोडी पाहावी. बाराव्या पडद्याशी तारेची लांबी निम्मी होते, म्हणून तेथे मोकळ्या तारेचाच सूर एक सप्तक वर मिळावयास हवा. तो चढा लागला तर त्या तारेपुरती घोडी मागे घ्यावी, उतरता लागला तर पुढे आणावी. हे प्रत्येक तारेचे स्वतंत्र करावे लागते. ह्याला स्क्रूड्रायव्हर व थोडा धीर एवढेच लागते.

थंडीचाही विचार हवा. गारव्याने पोलादी तार आकसते व सूर चढतो. दिव्यांच्या उष्णतेने तो उतरतो. इलेक्ट्रॉनिक ऑर्गनचा सूर मात्र जागचा हलत नाही. म्हणून गिटार अर्धा तास आधी मंडपात उघडी ठेवावी आणि मगच जुळवावी.

दुसरी गोष्ट गुणगुणीची. आपली वीज सेकंदाला ५० वेळा आंदोलते, आणि एकेरी वेटोळ्याचा पिकअप ही आंदोलने उचलतो. १९५५ साली गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर ह्याने दोन वेटोळी उलटसुलट जोडून ही गुणगुण परस्परांत मारण्याची युक्ती केली. असा पिकअप बसविणे खर्चाचे आहे. त्याआधी गिटारीच्या पोकळीत तांब्याचा पातळ पत्रा चिकटवून तो आतील अर्थच्या तारेला जोडावा. गुणगुण सर्वस्वी जात नाही, पण दिव्यांमुळे होणारी खरखर पुष्कळ कमी होते.

आता सर्वांत महत्त्वाचे. गुणगुण थांबविण्यासाठी काही लोक अॅम्प्लिफायरच्या प्लगचा अर्थचा पाय काढून टाकतात. हे कदापि करू नये. गिटारीच्या तारा अॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. सांगाड्यात वीज उतरली आणि तिला जमिनीत जाण्यास वाट नसली, तर ती वादकाच्या बोटांशी येऊन उभी राहते. उलट माइकमध्ये वीज उतरली असेल, तर गिटार हाती धरून त्याला स्पर्श करणारा तिची वाट होतो. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वे हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श होताच रंगमंचावरच मरण पावला. जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात अर्थिंग जाणत्या तारतंत्र्याकडून तपासून घ्यावे, आणि अॅम्प्लिफायर व माइकची यंत्रे एकाच बोर्डावरून चालवावीत. त्याने गुणगुणही घटते.

राहिलेली कामे किरकोळ, पण ऐनवेळी दगा देणारी. जॅकचे ढिले नट आवळावे, सुटू पाहणारा डाग पुन्हा द्यावा, पट्टा निसटू नये म्हणून बटणावर रबराची चकती बसवावी, आणि तारांचा एक जादा संच व एक जादा केबल जवळ ठेवावी.

रंग, नक्षी आणि महाग पिकअप ह्यांचा विचार ह्या साऱ्यानंतर करावा. पहाटेच्या अंकापर्यंत गिटार सुरात राहिली आणि ती धरणारा सुरक्षित राहिला, म्हणजे ती स्वस्त होती की महाग, हे प्रेक्षकांना कळण्याचे कारण उरत नाही.