आग पाहणारा डोळा उघडा ठेवा

भाजलेला रुग्ण जळीत कक्षात पोहोचतो, तेव्हा त्याच्या भवितव्याचा मोठा भाग आधीच ठरून गेलेला असतो. त्याचे वय किती, शरीराचा किती टक्के भाग भाजला आहे आणि धूर फुप्फुसात गेला आहे का, या तीन गोष्टींवर जगण्याची शक्यता मुख्यतः अवलंबून असते. वय कोणालाच बदलता येत नाही. उरलेल्या दोन गोष्टी घटनेच्या जागी, पहिल्या काही सेकंदांत ठरतात. म्हणूनच कारखान्यात उंचावर बसवलेल्या एका लहानशा यंत्राबद्दल आज लिहीत आहे. त्याचे नाव फ्लेम डिटेक्टर, म्हणजे ज्वाळा ओळखणारे यंत्र.

सेकंदांचे महत्त्व किती, ते १९४७ मध्ये मॉरित्झ आणि हेन्रिकेस या संशोधकांनी दाखवून दिले. ४४ अंश सेल्सिअस तापमानाला त्वचा खोलवर भाजायला सुमारे सहा तास लागतात. ६० अंशांना पाच सेकंद पुरतात. ७० अंशांच्या पुढे एक सेकंदही लागत नाही. पेटलेल्या द्रवाच्या ज्वाळेचे तापमान तर शेकडो अंशांत असते. अशा ठिकाणी माणसाने आग पाहून, ओरडून, धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद करायचा म्हटले, तर तोवर उशीर झालेला असतो.

धूर येण्याची वाट पाहता येत नाही

कार्यालयात किंवा रुग्णालयाच्या वॉर्डात छताला लावलेली गोल चकती असते, ती बहुधा स्मोक डिटेक्टर असते. गादी, कागद, वायर अशा वस्तू पेट घेण्याआधी धुमसतात, धूर वर जातो आणि चकतीत शिरतो. तिथे हे यंत्र योग्यच आहे.

रसायनांच्या कारखान्यात, तेलाच्या टाक्यांपाशी, गॅस कॉम्प्रेसरजवळ किंवा रंगाच्या शेडमध्ये गणित वेगळे होते. छत पंधरा-वीस मीटर उंच असते किंवा नसतेच. धूर वाऱ्यावर निघून जातो. शिवाय सॉल्व्हंट किंवा गॅस धुमसत नाही, थेट भडकतो. काही ज्वाळांना तर धूर जवळपास नसतोच आणि त्या दिवसाउजेडी डोळ्यांना दिसतही नाहीत. मिथेनॉलची ज्योत अशीच असते. १९८१ च्या इंडियानापोलिस ५०० या मोटारशर्यतीत इंधन भरताना मिथेनॉल सांडून पेटले आणि रिक मिअर्स हा चालक भाजला. तो हातवारे करत होता, पण आजूबाजूच्यांना आग दिसतच नव्हती. करोनाच्या काळात घराघरांत आलेल्या सॅनिटायझरचे अल्कोहोलही फिकट निळ्या ज्योतीने जळते, हे यानिमित्ताने लक्षात ठेवावे. हायड्रोजनची ज्योतही उन्हात दिसत नाही. पूर्वी हायड्रोजनच्या नळ्यांजवळ जाताना कामगार हातात झाडू पुढे धरून चालत. झाडू पेटला की पुढे आग आहे असे समजायचे.

यंत्राला दिसते तरी काय?

माणसाच्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. ज्वाळा मात्र त्याच्या अलीकडे अतिनील आणि पलीकडे अवरक्त किरणही फेकते. फ्लेम डिटेक्टर नेमके तेच पाहतो.

अतिनील प्रकारचे यंत्र सुमारे १८५ ते २६० नॅनोमीटरच्या पट्ट्यात काम करते. सूर्याचे या पट्ट्यातले किरण वातावरणातला ओझोन अडवतो, जमिनीपर्यंत ते येत नाहीत. त्यामुळे भर उन्हातही यंत्र फसत नाही आणि काही मिलिसेकंदांत इशारा देऊ शकते. पण वेल्डिंगची ठिणगी, आकाशातली वीज किंवा पाइपच्या तपासणीसाठी वापरले जाणारे क्ष-किरण यांनी ते चकते. दाट धूर किंवा काचेवरचा तेलाचा पातळ थर त्याला आंधळे करतो.

अवरक्त प्रकारचे यंत्र ४.३ ते ४.४ मायक्रॉनच्या आसपास पाहते. कार्बन असलेले इंधन जळताना तयार होणारा तप्त कार्बन डायऑक्साइड इथे जोरात चमकतो. खरी ज्वाळा लवलवते, तर तापलेली भट्टी किंवा दिवा स्थिर असतो, हा फरकही यंत्र ओळखते. अलीकडची यंत्रे एकाच वेळी तीन तरंगलांब्या तपासून खात्री करून घेतात. पण अवरक्त यंत्राच्या काचेवर पाणी साचले की त्याची नजर मंदावते.

यातून निवडीचा पहिला नियम निघतो. जे इंधन असेल, त्याला दिसेल असे यंत्र हवे. हायड्रोजनमध्ये कार्बन नाही, त्यामुळे केवळ कार्बन डायऑक्साइडची चमक शोधणारे यंत्र हायड्रोजनच्या आगीसमोर शांत बसेल. तिथे अतिनील किरण किंवा तप्त पाण्याच्या वाफेची चमक ओळखणारे यंत्र लागते. रोगाचे निदान चुकले की औषध कितीही महाग असले तरी उपयोगाचे नसते, तसेच हे.

बसवताना

या डोळ्यालाही दृष्टिक्षेत्र असते, साधारण ९० ते १२० अंशांच्या शंकूइतके. समोर सरळ रेषेत ते सर्वांत चांगले पाहते, कडेकडे नजर कमी होत जाते. एक चौरस फुटाच्या तव्यात पेटवलेल्या हेप्टेनची आग किती मीटरवरून ओळखता येते, यावर त्याची क्षमता सांगतात. चांगल्या तीन-तरंगी यंत्रासाठी हा आकडा ६० मीटरच्या आसपास असतो. पण अंतर दुप्पट झाले की पोहोचणारे किरण चौथ्या हिश्श्यावर येतात. म्हणजे दुप्पट अंतरावरून ओळखू येण्यासाठी आग चौपट मोठी व्हावी लागते. माहितीपत्रकातला आकडा पाहून यंत्रांची संख्या कमी करणे महागात पडते ते इथे.

जागा निवडताना काही गोष्टी पाहाव्यात. यंत्र उंच कोपऱ्यात, खाली झुकवून बसवावे, म्हणजे काचेवर धूळ आणि पाणी कमी साचते आणि नजर क्षितिजावरच्या उन्हाकडे जात नाही. मध्ये पाइप, टाकी किंवा खांब आला तर त्यामागचा भाग अंधारात राहतो, म्हणून प्रत्येक धोक्याची जागा निदान दोन यंत्रांना दोन बाजूंनी दिसली पाहिजे. आधार भक्कम हवा, थरथरणाऱ्या पाइपवर ते टांगू नये. साध्या काचेतून किंवा प्लास्टिकमधून हे किरण पार होत नाहीत. त्यामुळे पावसापासून किंवा रंगकामापासून जपण्यासाठी यंत्रावर बांधलेली आणि नंतर तशीच राहिलेली पिशवी म्हणजे डोळ्यावर बांधलेली पट्टीच. शिवाय पुसायला आणि तपासायला माणूस सुरक्षितपणे तिथवर पोहोचू शकेल, हेही आधीच पाहावे. शिडी पोहोचत नसेल तर ते यंत्र पुन्हा कोणी पुसणार नाही.

ज्वलनशील वायू असण्याची शक्यता असलेल्या जागेत यंत्राचे कवच ज्वालारोधक आणि प्रमाणित असावे लागते. भारतात पेट्रोलियम आणि स्फोटकांसंबंधीच्या जागांसाठी ही मान्यता देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. वीजपुरवठा चालू असताना अशा जागी कवच उघडू नये. आग ओळखणाऱ्या यंत्राच्याच ठिणगीने आग लागावी, यासारखी दुर्दैवी गोष्ट नाही.

काचेवरचा मोतीबिंदू

मोतीबिंदू हळूहळू वाढतो, त्यामुळे बऱ्याच रुग्णांना नजर गेल्याचे उशिरा कळते. डिटेक्टरच्या काचेवर तेलाचा धूर, सिमेंट, क्षार, कोळिष्टके बसतात, तेही असेच हळूहळू. बऱ्याच यंत्रांत काच स्वतः तपासण्याची सोय असते, पण तिच्यावर विसंबून राहू नये. उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने मऊ कापडाने काच पुसणे आणि ज्वाळेची नक्कल करणाऱ्या टेस्ट लॅम्पने प्रत्येक यंत्र ठरावीक काळाने तपासणे, याला पर्याय नाही. धोक्याच्या जागी लायटर पेटवून चाचणी घेण्याचा मोह कोणालाही होऊ नये.

चाचणीपूर्वीची एक खबरदारी डॉक्टर म्हणून ठळकपणे सांगावीशी वाटते. पुष्कळ ठिकाणी डिटेक्टरच्या इशाऱ्यावर कार्बन डायऑक्साइड आपोआप सोडून आग विझवण्याची सोय असते. बंद खोलीत आग विझवण्यासाठी या वायूचे प्रमाण निदान ३४ टक्के ठेवतात. माणूस १० टक्क्यांच्या पुढे काही मिनिटांतच बेशुद्ध होऊ शकतो, प्रमाण आणखी वाढले तर त्याहून लवकर. म्हणून आधी कंट्रोल रूमला कळवायचे, वायू सोडणारी यंत्रणा कुलूपबंद करायची, आत कोणी नाही याची खात्री करायची आणि मगच चाचणी घ्यायची.

खोटा इशारा आणि बायपासची चावी

यंत्र चांगले आहे, नीट बसवले आहे, काचही स्वच्छ आहे. तरीही ते निरुपयोगी ठरू शकते, कारण कोणीतरी ते बंद करून ठेवलेले असते.

याची मनोवृत्ती आम्हाला अतिदक्षता विभागात रोज दिसते. मॉनिटर सतत वाजत असतात. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१३ मध्ये नोंदवले होते, की मॉनिटरच्या ८५ ते ९९ टक्के इशाऱ्यांवर काही उपचार करावाच लागत नाही. मग कान सरावतात, आवाज कमी केला जातो, मर्यादा बदलल्या जातात. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात अशा इशाऱ्यांशी संबंधित ९८ घटना त्या संस्थेकडे नोंदल्या गेल्या, त्यांतल्या ८० घटनांत रुग्ण दगावला. परिचारिकांना आळशी म्हणून हा प्रश्न सुटत नाही. लांडगा आला रे आला, असे दिवसातून शंभरदा ओरडणाऱ्या यंत्राकडे माणूस दुर्लक्ष करणारच.

कारखान्यातही हेच होते. शेजारी वेल्डिंग सुरू आहे, डिटेक्टर वाजतो, प्लांट बंद पडतो, उत्पादन बुडते. मग सुपरवायझर ‘तेवढ्यापुरते’ बायपास करतो. वेल्डिंग संपते, शिफ्ट बदलते, पण बायपास तसाच राहतो.

असा ‘तेवढ्यापुरता’ घेतलेला निर्णय किती महाग पडतो, हे उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर जगाने पाहिले. तिथे पाण्यात पाणबुडे काम करत असताना ते आत खेचले जाऊ नयेत, म्हणून आग विझवणारे पंप आपोआप सुरू होण्याऐवजी हाताने सुरू करायच्या स्थितीत ठेवले जात. कारण चांगलेच होते. ६ जुलै १९८८ च्या रात्री स्फोट झाला, तेव्हा पंप त्याच स्थितीत होते आणि ते सुरू करायला तिथवर कोणालाही पोहोचता आले नाही. १६७ जण गेले. बहुतेकांचा जीव ज्वाळांनी नव्हे, धुराने घेतला. त्या दुर्घटनेला कारणे अनेक होती, पण झोपवून ठेवलेली सुरक्षा हे त्यांतले एक होते.

उपाय अवघड नाहीत. बायपास करायचा तर तो लेखी असावा, त्यावर कोणाची परवानगी, किती वाजेपर्यंत आणि कशासाठी हे लिहिलेले असावे. तेवढा वेळ आगीवर नजर ठेवायला हातात अग्निशामक घेतलेला माणूस तिथे उभा असावा. शिफ्ट बदलताना चालू बायपासची यादी तोंडी नव्हे, सहीनिशी दिली जावी. आणि खोटे इशारे वारंवार येत असतील तर यंत्र बंद न करता त्याचे कारण शोधावे. प्रकार चुकला आहे का, कुठून प्रकाश परावर्तित होतो आहे का, हे पाहावे. तीनपैकी दोन यंत्रांनी आग पाहिली तरच प्लांट बंद होईल अशी रचना करता येते. एका यंत्राच्या इशाऱ्यावर कंट्रोल रूममधला माणूस सावध होतो, दोघांच्या साक्षीवर यंत्रणा कृती करते.

भोंगा वाजल्यानंतर

भोंगा वाजला की आधी बाहेर पडायचे, खात्री करायला आगीकडे जायचे नाही. कपडे पेटले तर धावू नये, जमिनीवर लोळावे. भाजलेल्या भागावर २० मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काहीही लावू नये. अंगठ्या, घड्याळ, पट्टा लगेच काढावा, पण त्वचेला चिकटलेले कापड ओढू नये. नंतर स्वच्छ चादरीत गुंडाळून १०८ ला फोन करावा. आवाज घोगरा झाला असेल, नाकात काजळी असेल किंवा नाकातले केस जळलेले असतील, तर वरून जखम किरकोळ दिसली तरी रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. श्वासनलिका सुजून काही तासांत बंद होऊ शकते.

आपल्या घरातले कोणी अशा कारखान्यात काम करत असेल, कायम किंवा कंत्राटी, तर त्याने तिथे दोन प्रश्न जरूर विचारावेत. आमच्या डोक्यावरच्या डिटेक्टरची शेवटची चाचणी कधी झाली? आणि आज, या शिफ्टला, कोणता डिटेक्टर बायपासवर आहे? ज्या ठिकाणी या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कागद पाहून लगेच मिळतात, तिथून आमच्या जळीत कक्षात येणाऱ्यांची संख्या कमीच राहील.